पुस्तक मिट, आणि मग सांग!

आषाढात एक रात्र अशी येते, की आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. तुकोबांची पालखी निमगाव केतकीला मुक्कामाला असते आणि त्या रात्री गावातलं कुठलंच घर फक्त घरच्यांचं राहत नाही. ओसरीवर दिंडीतले पंचवीस-तीस वारकरी, परसात पेटलेल्या तीन चुली, मोरीपाशी बादल्यांची रांग आणि 'अगं, भाकरी किती झाल्या बघ' असं दर पाच मिनिटांनी ओरडणारी आई. पुण्यात डेडलाइनच्या नावाखाली मी लग्नंबिग्नं बिनदिक्कत बुडवते, पण ही रात्र कधी चुकवत नाही.

यंदा चुलीपाशी मी परातीत पीठ ओतण्याचं अतिमहत्त्वाचं काम करत होते (भाकरी मला आजही गोल जमत नाही, हसू नका). तेवढ्यात चुलत बहीण शेजारी येऊन बसली. बारावीला मस्त मार्क, बारामतीला कॉलेजात अ‍ॅडमिशन झालेली, नवी सॅक आलेली. मला वाटलं, मोबाइल कुठला घेऊ असं विचारणार. तर ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "ताई, एक विचारू? कुणाला सांगू नकोस. कॉलेजात अभ्यास कसा करायचा असतो गं?"

मला हसूच आलं. "बारावीत एवढे मार्क पाडलेस आणि मला विचारतेस?"

"तसं नाही. इथं सर सांगायचे, हे पाठ करा, हे येणार. तिथं कोण सांगणार?"

माझं हसू तिथेच विरलं. कारण साधारण दहा वर्षांपूर्वी हाच प्रश्न मलाही पडला होता. फरक एवढाच, की मी तो कुणालाही विचारला नव्हता. आणि त्याची किंमत जाम महाग पडली होती.

हुशार मुलीची वाट लागते

आमचं निमगाव इंदापूर तालुक्यातलं, बारामती-इंदापूर रस्त्यावरचं. पानमळे आणि डाळिंबं ही आमची ओळख. आमचाही पानमळा आहे. दहावीला मी शाळेत पहिली आले, तेव्हा पेढे वाटताना आत्या सगळ्यांना सांगत होती, 'पोरगी लई हुशार, अभ्यासच करावा लागत न्हाई तिला.' हे वाक्य मी सर्टिफिकेटसारखं जपून ठेवलं. २०१५ मध्ये बारावी झाल्यावर पुण्याला आर्ट्‌सला आले, तेव्हा सामानात पत्र्याची ट्रंक, शेंगदाण्याच्या चटणीची बरणी आणि हे सर्टिफिकेट होतं.

फीसाठी आणि हॉस्टेलसाठी तात्यांनी पानांच्या व्यापाऱ्याकडून उचल घेतली होती. उचल म्हणजे पुढच्या पानांचे पैसे आधीच घेणं. याचा साधा अर्थ असा, की मी पुण्यात जेवत असलेलं ताट अजून वेलीवर होतं.

आणि मी काय करत होते? अभ्यासच करत होते, आईशप्पथ! रात्री एक-एक वाजेपर्यंत. माझ्याकडे तीन रंगांचे हायलायटर होते. व्याख्या पिवळ्या, मुद्दे गुलाबी, 'व्हेरी इम्पॉर्टंट' हिरवे. परीक्षेपर्यंत अर्थशास्त्राचं पुस्तक रंगपंचमी खेळून आल्यासारखं दिसत होतं. प्रत्येक धडा चार-चार वेळा वाचला होता. वाचताना सगळं ओळखीचं वाटायचं. हे येतं, हेही येतं, असं म्हणत पान उलटायचं.

पेपर हातात आला आणि लक्षात आलं, की ते पान डोळ्यांसमोर दिसतंय, गुलाबी रेघसुद्धा दिसतेय, पण त्या रेघेखाली काय लिहिलं होतं ते काही केल्या आठवत नाही.

निकाल लागला. अर्थशास्त्र २८, इंग्रजी ३१. पास व्हायला ४० लागायचे. मराठीत ज्याला आपण 'एटीकेटी' म्हणतो, ती मला लागली होती. दोन.

त्या रात्री घरी फोन केला. तात्यांनी विचारलं, "लागला का गं निकाल?" मी म्हणाले, "लागला. झाले पास." पुढे तब्बल वर्षभर मी हे खोटं सांभाळलं. ज्यांनी कधी असं खोटं सांभाळलंय त्यांना माहीत असेल, की त्याला अभ्यासापेक्षा जास्त मेहनत लागते.

शेजारची कॉट

माझी रूममेट बार्शीकडची. माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. हे मी नम्रपणे वगैरे म्हणत नाहीये. ती खरोखरच होती. गणित तोंडी करायची, वर्तमानपत्रातलं कोडं चहा संपायच्या आत सोडवायची. तिचे तीन विषय राहिले. तिने घरी खरं सांगितलं. आठवड्याभरात तिचे वडील आणि काका जीप घेऊन आले. हॉस्टेलच्या पायऱ्यांवर काका म्हणाले, "झेपत नसंल तर कशाला पोरीचे हाल?" त्यात राग नव्हता, काळजीच होती. आम्ही दोघींनी मिळून गादी गुंडाळली. पुढच्या उन्हाळ्यात पत्रिका आली.

कितीतरी दिवस तिची कॉट रिकामी होती. मी रोज रात्री तिकडे पाठ करून झोपायचे. कारण मला एक गोष्ट कळत होती आणि ती फार भीतिदायक होती. आम्हा दोघींत नापासांचा फरक नव्हताच. ती खरं बोलली आणि मी खोटं, एवढाच फरक होता.

'झेपत नाही' या दोन शब्दांत आपण किती मुलांची बोळवण करतो! तिला काय झेपलं नाही? विषय? अजिबात नाही. अभ्यास करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे तिला आणि मला कुणी सांगितलंच नव्हतं. शहरातल्या मुलांना ते घरात कळतं. कुणाचा दादा इंजिनीअर, कुणाची आई प्राध्यापक. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहणारी मीच पहिली.

ग्रंथालयातले सर

दुसऱ्या वर्षी पैशांची ओढाताण फारच वाढली, तेव्हा मी 'कमवा व शिका'मध्ये नाव घातलं. शिकता शिकता काम करायचं आणि त्याचे पैसे मिळवायचे, ही कल्पना आपल्या महाराष्ट्रात चांगलीच मुरलेली आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून. पुणे विद्यापीठाची योजनाही त्यांच्याच नावाने चालते. पुण्यात अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली, तीही खेड्यातून आलेल्या मुलांसाठीच. माझ्यासारख्यांच्या कित्येक पिढ्या या वाटेने गेल्यात.

मला काम मिळालं ग्रंथालयात. परत आलेली पुस्तकं रॅकवर जागच्या जागी लावायची. तिथे एक सर होते. कमी बोलणारे, चष्मा कायम कपाळावर. एका संध्याकाळी काम संपल्यावर मी कोपऱ्यात अर्थशास्त्र वाचत बसले होते. ते जवळ आले.

"काय चाललंय?"

"अभ्यास, सर."

"कितव्यांदा वाचतेयस हा धडा?"

"चौथ्यांदा," मी अभिमानाने सांगितलं.

"छान. पुस्तक मिट. आता सांग."

मी मिटलं. तोंड उघडलं. "चलनवाढ म्हणजे... म्हणजे जेव्हा पैसा..." आणि बॉस, पोपट झाला. पुढे काहीच नाही. चार वेळा वाचलेला धडा, तीन रंगांत रंगवलेला, आणि दीड वाक्यात संपला!

सर ओरडले नाहीत. म्हणाले, "तू अभ्यास करत नव्हतीस, पुस्तक बघत होतीस. उद्यापासून एक पान वाचायचं, मिटायचं आणि आठवेल ते लिहायचं. कागद मी देतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रद्दीतल्या पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा माझ्या हातात ठेवला. तो गठ्ठा म्हणजे माझं खरं कॉलेज. त्यावर मी जे केलं ते अगदी साधं होतं. एक भाग वाचायचा. पुस्तक मिटायचं. आठवेल ते पाठकोऱ्यावर उतरवायचं. मग पुस्तक उघडून जे सुटलं, जे चुकलं, ते लाल पेनाने भरायचं. दुसऱ्या दिवशी तोच भाग पुन्हा, न बघता. मग चार दिवसांनी. मग रविवारी आठवड्याभरातलं सगळं एकदम.

पहिले पंधरा दिवस भयंकर गेले. कागद लालच लाल. आधी निदान 'येतंय' असं वाटायचं, आता रोज 'येत नाही' याचा लेखी पुरावा मिळायला लागला. कित्येकदा वाटलं, की हायलायटरच बरा होता. पण महिन्याभरात लाल कमी झालं, निळं वाढलं. एक दिवस चलनवाढ मी अख्खी सांगितली, आमच्या गावच्या किराणा दुकानातल्या तेलाच्या डब्याचं उदाहरण देऊन. सर फक्त म्हणाले, "हं." त्यांचा 'हं' म्हणजे डिस्टिंक्शन.

इंग्रजीचं दुखणं वेगळं होतं. मी उत्तरंच्या उत्तरं घोकत होते, अर्थ न कळता. सरांनी नियम घातला. "आधी मराठीत सांग. मराठीत सांगता आलं नाही तर इंग्रजीत येणार कुठून?" मग मी धडा आधी आईला फोनवर सांगितल्यासारखा मराठीत सांगायचे आणि त्यानंतर मोडक्यातोडक्या, पण स्वतःच्या इंग्रजीत लिहायचे. पाच ओळी. रोज.

विज्ञान काय म्हणतं?

पत्रकारितेत आल्यावर एका लेखासाठी वाचन करताना कळलं, की सरांचा हा फंडा काही त्यांचा एकट्याचा नव्हता. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवून दिलं होतं, की पाठ केलेलं बरंचसं पहिल्या दिवसातच निसटतं आणि मधे वेळ सोडून उजळणी केली तर ते टिकतं. म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री मारलेली 'नाइट' सकाळपर्यंत कशीबशी पुरते. पुढच्या आठवड्याला ती पुरत नाही.

आणि २००६ चा एक प्रयोग तर वाचून मी उडालेच. अमेरिकेतले हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चारही वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. पण आठवड्याने? वाचणारे ४० वर घसरले आणि आठवून लिहिणारे ६१ वर टिकले. गंमत म्हणजे, 'तुम्हाला किती लक्षात राहील?' असं आधी विचारलं होतं तेव्हा जास्त खात्री होती ती वाचणाऱ्यांनाच. ते वाचताना मला माझे तीन हायलायटर आठवले.

२०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. पुन्हा पुन्हा वाचणं आणि रेघा मारणं यांना त्यांनी सगळ्यात खालच्या रांगेत बसवलं. स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांत वाटून करणं या दोन गोष्टी सगळ्यात वर. पाठकोऱ्या कागदांवर सर नेमक्या याच दोन गोष्टी माझ्याकडून करून घेत होते.

मळ्याची फेरी

पद्धत कळली तरी ती रोज करणार कोण? हा खरा लोचा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि फुकट इंटरनेटने आमचं अख्खं हॉस्टेल पागल झालं. रात्री दोन वाजता खोल्याखोल्यांतून व्हिडिओंचे आवाज. अभ्यासाचा मूड यायची वाट बघत मी कितीतरी संध्याकाळी वाया घालवल्या.

मग एकदा सुट्टीत घरी गेले असताना तात्यांच्या मागे पानमळ्यात गेले. पानमळा हे फार नाजूक प्रकरण. वेलीला सावली लागते, म्हणून शेवगा-शेवरीच्या आधाराने ती चढवायची. पाणी जास्त झालं तर मूळ कुजतं, कमी झालं तर पान रोडावतं. तात्या पहाटे उठून फेरी मारतात. रोज. मूड असो-नसो, पाऊस असो-नसो. मी विचारलं, "रोज काय बघता एवढं?" तर म्हणाले, "काय न्हाई. फेरी मारली की दिसतं काय करायचं ते. न्हाई मारली तर दिसायचं तवा उशीर झाल्याला असतो."

पुण्याला आल्यावर मी माझी फेरी ठरवून टाकली. काम संपलं की साडेपाच वाजता, खिडकीजवळचं तेच टेबल, चाळीस मिनिटं. फोन सरांच्या ड्रॉवरमध्ये. मूड आहे का हे विचारायचंच नाही. बसल्यावर पहिलं काम ठरलेलं, कालचा भाग न बघता लिहायचा. चाळीस मिनिटं म्हणजे काहीच नाही, असं सुरुवातीला वाटायचं. पण आठवड्याचे सहा दिवस धरले तर ते चार तास झाले, आणि ते चार तास खरे होते. आधीच्या रात्री एकपर्यंतच्या जागरणात असे खरे तास किती असतील, देव जाणे.

हळूहळू त्या टेबलावर आणखी तिघी आल्या. आम्ही एकमेकींना धडे वाटून घेतले. जिच्याकडे जो धडा, तिने तो बाकीच्यांना शिकवायचा, पुस्तक मिटून. अडली तर दुसरीने लगेच सांगायचं नाही, दहा आकडे मोजायचे. परीक्षेआधी जुन्या प्रश्नपत्रिका आणून घड्याळ लावून सोडवायच्या. आणि वर्गात न कळलेलं त्याच दिवशी विचारायचं. हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं. 'हुशार' मुलीला हात वर करून 'मला कळलं नाही' म्हणणं फार अवघड जातं. जीभ अडखळते. पण पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच 'थँक्यू' म्हटलेलं मला ऐकू आलं होतं.

राहिलेले दोन्ही विषय सुटले. अर्थशास्त्र ५४, इंग्रजी ४९. टॉपरबिपर काही नाही. पण हे ५४ माझे होते, कुणाच्या सर्टिफिकेटचे नव्हते.

तात्यांचा खिसा

विषय सुटल्यावर मी ठरवलं, आता खरं सांगायचं. पुढच्या आषाढात पालखी येऊन गेल्यावर एक दुपार गाठली. तात्या झाडाखाली पानं मोजून लावत बसले होते. मी शेजारी बसून, मान खाली घालून, सगळं घडाघडा बोलून टाकलं. दोन विषय. वर्षभराचं खोटं. आता सुटले, तेही.

तात्यांचे हात थांबले नाहीत. हातातली पानं पूर्ण मोजून झाल्यावर म्हणाले, "मला ठाव हुतं."

"कसं?"

"कॉलेजचं पत्र आलतं घरला. गेल्या साली."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हनून थांबलो."

ते पत्र त्यांनी आईलासुद्धा दाखवलं नव्हतं. उचल फेडत होते, पत्र खिशात ठेवून होते, आणि मी फोनवर 'मस्त चाललंय' म्हणायचे तेव्हा 'बरं बरं' म्हणत होते. मला त्या दिवशी जेवढं रडू आलं तेवढं निकालाच्या दिवशीही आलं नव्हतं.

नंतर मी कितीदा तरी विचार केलाय, त्यांनी ते पत्र वाचून जीप काढली असती तर? आमच्यात आणि बार्शीच्या त्या घरात प्रेमाचा फरक नव्हता. तात्यांना थांबायचं सुचलं आणि मला मधल्या काळात एक सर भेटले, बस्स. एवढ्याशा नशिबावर कुणाचं शिक्षण अवलंबून असू नये. म्हणून तर हे सगळं लिहितेय.

ओसरीवरची मावशी

तर, यंदाच्या पालखीच्या रात्री. चुलीपाशी मी बहिणीला सरांची गोष्ट सांगत होते. जेवणाआधी ओसरीवर हरिपाठ सुरू झाला. ज्ञानदेवांचा हरिपाठ, २७ अभंगांचा. टाळांच्या ठेक्यावर पंचवीस-तीस आवाज, आणि त्यांत परभणीकडच्या एक मावशी. सत्तरीच्या पुढच्या, बारीक चणीच्या. हातात पुस्तक नाही, डोळे मिटलेले, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

हरिपाठ झाल्यावर बहीण त्यांना पाणी द्यायला गेली आणि सहज म्हणाली, "मावशी, एवढं पाठ कसं केलं?"

"पाठ कुठं केलं बाई? मला वाचाया येतच न्हाई."

"मग?"

"म्हनत गेले. रोज सांजच्याला. अडले की शेजारची उचलून द्यायची. तिची अडली की मी द्यायची."

बहिणीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. १८८५ आणि २००६ आणि २०१३, सगळं त्या चार वाक्यांत होतं. रोज, न बघता, आठवून म्हणायचं आणि चुकलं की कुणीतरी लगेच सांगायचं. मावशींच्या हातात पुस्तक कधी आलंच नाही, त्यामुळे पुस्तकाकडे बघून 'येतंय मला' असं वाटण्याची सोयच त्यांना नव्हती. मी लहानपणापासून दरवर्षी हीच रीत याच ओसरीवर ऐकत आले होते. आणि पुण्याला जाताना हायलायटर विकत घेतले होते!

मावशींना शाळा मिळाली नाही, ही काही कौतुकाची गोष्ट नाही. बहीण आत गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "पोरगी शिकतीया नव्हं? शिकू द्या." हे सांगायला मात्र त्या विसरल्या नाहीत.

आणि आपण, ऑफिसवाले?

तुम्ही म्हणाल, आमचं कॉलेज कधीच संपलं, आता हे कशाला? खरंच संपलंय? आपल्यातला कुणी नोकरी सांभाळून एमबीए करतोय, कुणी बँकेच्या प्रमोशनची परीक्षा देतोय, कुणी कोडिंगचा ऑनलाइन कोर्स विकत घेऊन तिसऱ्या व्हिडिओवर थांबलाय, तर कुणी ऑफिस सुटल्यावर सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीची खुर्ची अडवून बसलाय. व्हिडिओ बघताना मान डोलावणं हा आपला नवा हायलायटर. आता तर एआय चॅटबॉट मिनिटात छानपैकी नोट्स काढून देतो. पण त्या नोट्स वाचून 'कळलं' असं वाटणं आणि कळणं यांत तेच जुनं अंतर आहे. त्यापेक्षा त्याला सांगा, मला यावर दहा प्रश्न विचार. मग स्क्रीनकडे न बघता उत्तरं द्या आणि ती पुस्तकाशी ताडून बघा.

सुरुवात छोटी करा. रोज एकच वेळ, एकच जागा, अर्धा-पाऊण तास, फोन दुसऱ्या खोलीत. आधी कालचं आठवायचं, मग आजचं वाचायचं. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायच्या फंदात पडू नका, फक्त बसा. आणि एखादा दोस्त गाठा, ज्याच्यासमोर चुकायची लाज वाटत नाही.

माझ्या त्या रूममेटचा गेल्या वर्षी फोन आला होता. तिने यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बीएला नाव घातलंय. मुलगा शाळेत गेला की दुपारी अभ्यास करते. म्हणाली, "तुझ्या नोट्स पाठव ना." मी नोट्स पाठवल्या नाहीत. प्रत्येक धड्यावरचे प्रश्न पाठवले. तिने तिसऱ्या दिवशी एका धड्याची उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवली, अकरा मिनिटांची. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. एका ठिकाणी ती अडली, 'थांब हं, सांगते' म्हणाली आणि चक्क अर्धा मिनिट गप्प राहून तिने ते आठवलं. मी ती क्लिप अजून पुसलेली नाही.

पालखीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दिंडी इंदापूरच्या वाटेला लागली. तिथे गोल रिंगण असतं, त्यामुळे सगळ्यांची घाई. मावशी पिशवी खांद्याला लावून निघाल्यासुद्धा. घर एकदम मोकळं मोकळं झालं. मी ओसरी झाडायला घेतली, तर बहीण बारावीचंच जीवशास्त्राचं पुस्तक घेऊन पायरीवर बसलेली. मला बघून तिने ते माझ्या हातात दिलं.

"धर. मी सांगते, तू बघ."

तिने डोळे मिटले. पहिला मुद्दा बरोबर. दुसराही. तिसऱ्यावर गाडी अडली. मी पानावर बोट ठेवून म्हणाले, "सांगू?"

"नको," ती डोळे न उघडताच म्हणाली, "थांब. येतंय."